रेडिओलॉजीत सबस्पेशालिटी कशी निवडावी: रेसिडेंट डॉक्टरांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

रेडिओलॉजीच्या पहिल्या वर्षातल्या रेसिडेंटला ‘पुढे कशात करणार?’ असं विचारलं, की उत्तर बहुतेक वेळा ‘न्यूरो’ नाहीतर ‘इंटरव्हेन्शन’ असंच येतं. पहिली मेंदू आणि मज्जासंस्थेच्या इमेजेसची, दुसरी इमेज पाहत सुई-कॅथेटरने उपचार करण्याची. दोन्ही शाखा उत्तमच आहेत. पण तोवर न्यूरोच्या चार देखण्या केसेस पाहून झालेल्या असतात. डोकेदुखीसाठी काढलेले आणि काहीच न निघणारे एमआरआय दुपारभर ओळीने रिपोर्ट केलेले नसतात. शाखेची खरी ओळख त्या दुपारी होते.

माझं म्हणणं असं आहे की शाखा निवडताना अवयवाकडे किंवा मशिनकडे आधी पाहू नका. त्या शाखेत तुम्हाला रोज कोणता प्रश्न विचारला जाणार आहे, तो कोण विचारणार आहे आणि तुमच्या उत्तरावर तो काय ठरवणार आहे, हे आधी पाहा. तोच प्रश्न वर्षानुवर्षं आला तरी त्यात डोकं घालावंसं वाटणार असेल, तर ती शाखा तुमची. खालच्या पायऱ्या हे शोधून काढण्यासाठी आहेत.

पायरी १: शाखा कशा पडल्या ते समजून घ्या

रॉन्टगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले. पोटाच्या सोनोग्राफीचा इयान डोनाल्ड यांचा गाजलेला शोधनिबंध १९५८ चा, आणि हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनरवर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला १९७१ मध्ये. मशिनं अशी एकेक करून आली, त्यामुळे बऱ्याच विभागांत कामाची वाटणीही मशिनप्रमाणेच होत असे. कोणी सोनोग्राफी पाहायचं, कोणी सीटी. पण यकृताच्या सर्जनला सोनोग्राफी एकाकडे आणि एमआरआय दुसऱ्याकडे विचारायला जाणं परवडत नाही. त्याला यकृत समजणारा माणूस हवा असतो. म्हणून वाटणी हळूहळू अवयवांवर आली: न्यूरो, हेड अँड नेक, चेस्ट, कार्डिअॅक, अॅब्डॉमिन (पोट), एमएसके (हाडं, सांधे, स्नायू), ब्रेस्ट.

काही शाखा मात्र या चौकटीत बसत नाहीत. पीडिअॅट्रिक रेडिओलॉजी वयावर ठरते, इमर्जन्सी रेडिओलॉजी वेळेवर, इंटरव्हेन्शन हातावर आणि न्यूक्लिअर मेडिसिन (किरणोत्सर्गी औषधं देऊन तपासणी आणि उपचार) भौतिकशास्त्रावर. त्यामुळे सीमा एकमेकींत घुसलेल्या असतात. बाळाच्या मेंदूचा एमआरआय न्यूरोचाही असतो आणि पीडिअॅट्रिकचाही. हे लक्षात आलं की ‘हे किंवा ते’ हा ताण बराच कमी होतो.

पायरी २: पाया पक्का होईपर्यंत ठरवू नका

पहिल्या वर्षी तीन गोष्टी हातात बसवा: छातीचा एक्स-रे, सोनोग्राफीचा प्रोब आणि रात्रीच्या ड्युटीवर येणारे सीटी. पुढे कोणतीही शाखा घेतलीत तरी या तिन्ही लागतात. सोनोग्राफीबद्दल आग्रहाने सांगतो, कारण ती नंतर शिकू म्हणून टाळली जाते. सीटीच्या इमेजेस टेक्निशियन काढून देतो. सोनोग्राफीत इमेज तुम्हीच तयार करता, आणि जी तुम्ही काढली नाही ती कोणालाच दिसत नाही. ज्याचा हात सोनोग्राफीवर बसलेला नाही, त्याला बायोप्सी, एमएसके, ब्रेस्ट, बाळांचं पोट, सगळीकडे अडखळायला होतं.

नॉर्मल भरपूर पाहा. नॉर्मलचे प्रकार डोळ्यांत बसले नाहीत, तर प्रत्येक रक्तवाहिनीची वळणं आजारासारखी दिसतात.

पायरी ३: वही ठेवा

लॉगबुक सगळेच भरतात, ते परीक्षेसाठी. ही वही स्वतःसाठी. रुग्णाचं नाव किंवा नंबर त्यात लिहायचा नाही. लिहायचं ते एवढंच: कोणता प्रश्न आला होता, मी काय लिहिलं, सीनियरने त्यात काय बदललं आणि पुढे ऑपरेशनमध्ये, हिस्टोपॅथॉलॉजीत किंवा फॉलो-अप स्कॅनमध्ये काय निघालं.

शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि भरायला सगळ्यात अवघड. तो भरण्यासाठी वॉर्डात फोन करावा लागतो, पॅथॉलॉजीत जाऊन विचारावं लागतं. काही महिन्यांनी वही उघडून पाहा. कोणत्या केसेसमध्ये हा रकाना तुम्ही कोणी न सांगता भरलाय? एखाद्याच्या वहीत फुफ्फुसांच्या केसेस अर्ध्यावर सोडलेल्या असतात आणि गुडघ्याच्या प्रत्येक एमआरआयपुढे आर्थ्रोस्कोपीत (सांध्यात दुर्बीण घालून) काय दिसलं ते लिहिलेलं असतं. तो तोंडाने काहीही म्हणत असला, तरी त्याचा कल कुठे आहे ते त्या वहीत दिसतं.

पायरी ४: प्रत्येक शाखेचं रोजचं काम पाहा

न्यूरोपासून सुरुवात करू. पक्षाघाताचा रुग्ण आला की आधी साधा सीटी होतो. पहिला प्रश्न, रक्तस्राव आहे का? नसेल तर लेंटिफॉर्म न्यूक्लिअसची कड पुसट झालीय का, इन्सुलाची करड्या रंगाची पट्टी हरवलीय का, मिडल सेरेब्रल आर्टरी (मेंदूची एक मोठी धमनी) नेहमीपेक्षा पांढरी दिसतेय का, हे पाहायचं. विंडो (स्क्रीनवर दिसणाऱ्या करड्या छटांचा पट्टा) अरुंद करून पाहिलं नाही तर यातलं बरंचसं सुटतं. त्या धमनीच्या क्षेत्राचे दहा भाग मानून, बिघडलेल्या प्रत्येक भागामागे एक गुण वजा करायचा. हाच ॲस्पेक्ट्स स्कोअर. सोबत अँजिओग्राफीत मोठी रक्तवाहिनी बंद आहे का, ते पाहायचं. २०१५ मध्ये एकापाठोपाठ प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी थ्रॉम्बेक्टॉमीचा (रक्ताची गुठळी कॅथेटरने बाहेर काढण्याचा) फायदा सिद्ध केला, आणि २०१८ पासून निवडक रुग्णांत हा उपचार २४ तासांपर्यंत करता येतो असं दिसलं. म्हणजे तुमच्या काही मिनिटांच्या वाचनावर एक माणूस पुढे बोलू शकेल की नाही हे अवलंबून असतं. न्यूरोत हे आहे. त्यासोबत कंबरदुखीचे ढीगभर एमआरआय आहेत, मल्टिपल स्क्लेरोसिसच्या जुन्या-नव्या स्कॅनची डागागणिक तुलना आहे. दोन्हीत सारखंच मन लागणाऱ्याने न्यूरोत जावं.

इंटरव्हेन्शनचा उगम सांगण्यासारखा आहे. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेत पोर्टलंड इथे चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीतली अरुंद झालेली धमनी कॅथेटरने रुंद केली. पायाला गँगरीन झालं होतं, सर्जन पाय कापायला सांगत होते आणि बाई तयार नव्हत्या. पाय वाचला. या सगळ्या कामाचा पाया सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये मांडलेली पद्धत: सुई आत, सुईतून गाइडवायर, सुई बाहेर, वायरवरून कॅथेटर. ऐकायला सोपं वाटतं. करताना फिमोरल आर्टरी नेमकी फिमरच्या डोक्यासमोर पंक्चर करावी लागते, कारण काम संपल्यावर धमनी दाबून धरायला मागे हाड हवं. सुई त्याहून वर गेली तर रक्त पोटामागे साचत जातं आणि बाहेरून काहीच कळत नाही. सोनोग्राफीखाली, सुईचं टोक सतत दिसत ठेवून पंक्चर करायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

पण इंटरव्हेन्शनमध्ये जाणाऱ्यांना कोणी पुरेसं सांगत नाही ते वेगळंच आहे. तिथे रुग्ण तुमचा असतो. कन्सेंट तुम्ही घ्यायचा, रात्री ड्रेन निघून आला तर फोन तुम्हाला, कॉम्प्लिकेशन झालं तर नातेवाइकांसमोर तुम्ही उभे राहायचं. रोजचं काम म्हणजे एम्बोलायझेशनच्या (रक्तवाहिनी आतून बंद करण्याच्या) सुरेख केसेस कमी. गळवांतला पू काढायच्या पिगटेल नळ्या, बायोप्सी, तुंबलेल्या पित्तनलिकेचं किंवा मूत्रपिंडाचं ड्रेनेज आणि डायलिसिसच्या लाइन्स जास्त. त्यातही ज्याला समाधान मिळतं, तो या शाखेत टिकतो. रुग्णांपासून जरा लांब राहता येईल म्हणून रेडिओलॉजीत आला असाल, तर इथे येऊ नका.

अॅब्डॉमिनला रेसिडेंट फारसे भाव देत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. रेक्टल कॅन्सरचा एमआरआय घ्या. ट्यूमरच्या अक्षाला काटकोनात पातळ टी-टू स्लाइस घ्यावे लागतात. कोन चुकला तर ट्यूमर भिंतीबाहेर गेल्याचा आभास होतो. मग मेसोरेक्टल फॅशियापासून (गुदाशयाभोवतीच्या चरबीवरच्या आवरणापासून) ट्यूमर किती लांब आहे ते मोजायचं. अंतर १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर कड धोक्यात आहे असं धरतात, आणि सरळ ऑपरेशन करायचं की आधी केमो-रेडिएशन द्यायचं, ही चर्चा त्या आकड्याभोवती फिरते. ट्यूमर बोर्डात (कॅन्सरच्या केसेसवर सगळ्या शाखांच्या डॉक्टरांची बैठक) सगळे स्क्रीनकडे पाहत असतात आणि मोजमाप तुमचं असतं. पॅन्क्रियाजचा ट्यूमर काढता येईल का, यकृतातली गाठ बायोप्सीविनाच कॅन्सर म्हणता येईल का, हेही याच शाखेचे प्रश्न. गायनॅक इमेजिंग कुठे यातच मोडतं, कुठे वेगळं असतं. गर्भाची सोनोग्राफी मात्र स्वतंत्र अभ्यास मागते. ११ ते १४ आठवड्यांतला एनटी स्कॅन (गर्भाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मोजणारा) आणि विसाव्या आठवड्याच्या आसपासचा अॅनोमली स्कॅन (गर्भाच्या रचनेतले दोष शोधणारा) शिस्तीने, ठरलेल्या प्रतलांतच करावा लागतो.

ब्रेस्ट इमेजिंगमध्ये एकाच बाईंची मॅमोग्राफी वाचणं, सोनोग्राफी करणं, बायोप्सी घेणं आणि निकाल समोर बसून सांगणं, हे सगळं बहुतेकदा एकाच डॉक्टरकडे असतं. रिपोर्टच्या शेवटी बाय-रॅड्सचा, म्हणजे कॅन्सरचा संशय किती ते सांगणाऱ्या ठरलेल्या श्रेणीचा, आकडा द्यावाच लागतो. तीन दिलात तर कॅन्सरची शक्यता २ टक्के किंवा त्याहून कमी आहे आणि थोड्या काळाने पुन्हा तपासणं पुरेसं आहे, असं तुम्ही म्हणताय. चार दिलात तर सुई. या दोन आकड्यांच्या मधला निर्णय दिवसातून अनेकदा घ्यायचा असतो, आणि समोरच्या बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून आकडा बदलायचा नसतो. निर्णयाची ही स्पष्टता आणि माणसांशी बोलणं दोन्ही आवडणाऱ्यांसाठी याहून चांगली शाखा मला माहीत नाही.

पीडिअॅट्रिकमध्ये आजारच वेगळे. हिरवी उलटी करणारं नवजात बाळ आलं की मालरोटेशन (आतडं जन्मतः चुकीचं वळलेलं असणं) आहे का, हे तातडीने पाहायचं. आतड्याला पीळ पडला असेल तर वेळ फार थोडा असतो. एकात एक शिरलेलं आतडं हवेच्या एनिमाने स्क्रीनवर मागे सरकताना दिसतं आणि बाळाचं ऑपरेशन टळतं. हाडांच्या टोकांचे विशिष्ट फ्रॅक्चर आणि बरगड्यांचे मागच्या बाजूचे फ्रॅक्चर ओळखून, बाळाला घरात मारहाण होतेय का ही शंका मांडणं, हेही तुमच्याच वाट्याला येतं. रेडिएशनचा डोस कमीत कमी ठेवण्याचा विचार इथे प्रत्येक तपासणीत करावा लागतो. बाळ रडत असताना शांत राहता येतं का, हे पोस्टिंगच्या पहिल्याच आठवड्यात कळतं.

चेस्ट ही विचार करणाऱ्यांची शाखा आहे. इंटरस्टिशियल लंग डिसीजमध्ये हनीकोम्बिंग (मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या) खरं आहे की ट्रॅक्शन ब्रॉन्किएक्टेसिस (व्रणाने ओढून रुंद झालेल्या श्वासनलिका), यावर तज्ज्ञांचेही मतभेद होतात, आणि निदान फुप्फुसतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्टसोबत बसूनच ठरतं. कार्डिअॅकमध्ये भौतिकशास्त्र आणि हृदयाची गती दोन्ही सांभाळायची. एमआरआयवर कॉन्ट्रास्ट दिल्यावर उशिरा उजळणारा भाग आतल्या थरापासून सुरू होतो की मधल्या थरात आहे, यावरून हार्ट अटॅकचा व्रण आणि स्नायूचा आजार वेगळे ओळखता येतात. कार्डिऑलॉजिस्टशी बरोबरीने बोलण्याची तयारी हवी. एमएसकेमध्ये काम भरपूर, शरीररचना बारीक आणि हाताने द्यायची इंजेक्शनंही. हाडाच्या गाठींमध्ये साधा एक्स-रे एमआरआयपेक्षा जास्त सांगून जातो, हे विसरू नका. हेड अँड नेक अवघड म्हणून टाळलं जातं, म्हणूनच त्यातल्या जाणकाराला मान असतो. इमर्जन्सीत थोडं थोडं सगळंच येतं, तेही घाईत आणि बहुधा रात्री.

न्यूक्लिअर मेडिसिन अनेक देशांत स्वतंत्र स्पेशालिटी आहे, तेव्हा प्रशिक्षणाचा रस्ता आधी तपासा. फ्लोरिन-१८ चा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटं, त्यामुळे सगळा दिवस घड्याळावर चालतो. आता ल्युटेशियम-१७७ सारख्या औषधांनी त्याच रेणूच्या आधारे ट्यूमर शोधायचा आणि त्यावरच उपचारही करायचा, हे शक्य झालंय. ही शाखा वेगाने वाढतेय.

पायरी ५: पोस्टिंगमध्ये चाचणी घ्या

प्रत्येक पोस्टिंगमध्ये चार गोष्टी ठरवून करा.

कन्सल्टंटने निवडून दिलेल्या केसेस वाचण्याऐवजी एक आठवडा आलेली यादी वरून खाली, जशी असेल तशी रिपोर्ट करा.

ट्यूमर बोर्डाला किंवा त्या शाखेच्या मीटिंगला जा, आणि केसेस आदल्या दिवशी स्वतः वाचून जा. तिथले डॉक्टर पुढची कित्येक वर्षं तुमच्याशी बोलणार आहेत. त्यांची बोलण्याची पद्धत मानवते का तेही पाहा.

आलेल्या रिक्वेस्टवरचा प्रश्न अपुरा असेल तर पाठवणाऱ्या डॉक्टरला फोन करा. त्या एका फोनने रिपोर्ट बदलतो, आणि आपण कोणासाठी लिहितोय ते कळतं.

कन्सल्टंटना विचारा, ‘सर, या कामात तुम्हाला सगळ्यात कंटाळवाणं काय वाटतं?’ मॅडम असतील तर मॅडमना विचारा. आवडतं ते सगळेच सांगतात. कंटाळ्याचं उत्तर ऐकून ‘एवढं तर चालेल’ असं वाटलं, तर ती मोठी खूण समजा.

पायरी ६: शरीर, वेळ आणि रेडिएशन

याबद्दल संकोच नको. लेड ॲप्रन घालून तासन्‌तास उभं राहिल्याने पाठ आणि मान धरते; ज्याला मणक्याचा त्रास आधीच आहे, त्याने इंटरव्हेन्शन निवडण्याआधी याचा विचार करावा. आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार कामाच्या ठिकाणचा डोस पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त नको, आणि २०११ पासून डोळ्याच्या भिंगासाठीही तीच सरासरी लागू आहे. स्कॅटर, म्हणजे विखुरलेलं रेडिएशन, रुग्णाच्या शरीरातून येतो. म्हणून ट्यूब टेबलाखाली ठेवा, शक्य तेव्हा डिटेक्टरच्या बाजूला उभे राहा आणि एक पाऊल मागे घ्या. अंतर दुप्पट झालं की डोस साधारण चौथा हिस्सा होतो. डोस मोजणारा बॅज रोज लावा, ड्रॉवरमध्ये नको.

गर्भारपणात इंटरव्हेन्शन बंदच करावं लागतं असा गैरसमज मुलींच्या मनात घातला जातो. गर्भारपण कळवल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाचा डोस १ मिलिसिव्हर्टच्या आत ठेवायचा, ही शिफारस आहे. वेगळा बॅज, नीट मोजमाप आणि कामाची आखणी यांनी ते जमवता येतं. निर्णय त्या डॉक्टरचा असावा. भीती घालून तिची शाखा दुसऱ्या कोणी बदलू नये.

रिपोर्टिंगच्या शाखांत उभं राहावं लागत नाही, पण डोळे आणि मनगट थकतात. इमर्जन्सी, न्यूरो-इंटरव्हेन्शन आणि इंटरव्हेन्शनमध्ये रात्री जातात. ब्रेस्टमध्ये बहुतेक काम दिवसा. पुढच्या दहा वर्षांत घरी काय सांभाळायचं आहे ते घरच्यांशी बोलून ठरवा.

पायरी ७: एआयची भीती किती बाळगावी

शाखा फक्त एआयच्या भीतीने सोडू नका. स्वीडनमधल्या मासाई चाचणीत सुमारे ८० हजार स्त्रियांच्या स्क्रीनिंग मॅमोग्राफीत एआयची मदत घेतलेली आणि न घेतलेली पद्धत तपासली. २०२३ मध्ये आलेल्या पहिल्या निकालांत वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं आणि कॅन्सर सापडण्याचं प्रमाण घटलं नाही. म्हणजे स्क्रीनिंगच्या वाचनाचा भार हलका होतोय हे खरं. पण परत बोलावलेल्या बाईंची सोनोग्राफी, बायोप्सी आणि तिच्याशी बोलणं तिथेच आहे. कोणत्याही शाखेत ‘आहे की नाही’ एवढंच विचारणारं काम आधी बदलेल. ‘आता काय करायचं’ हे विचारणारं काम तुमच्याकडे राहील. एआयने दिलेली खूण कधी खोडायची हे कळण्यासाठी मूळ वाचन पक्कंच लागतं.

पायरी ८: फेलोशिप निवडताना

फेलोशिप, म्हणजे एका शाखेतलं पुढचं प्रशिक्षण, बहुतेक ठिकाणी एक-दोन वर्षांची असते. विभागाच्या नावावर जाऊ नका. सध्याच्या किंवा नुकत्याच बाहेर पडलेल्या फेलोला गाठा आणि स्पष्ट विचारा: रिपोर्ट आधी फेलो लिहितो की कन्सल्टंट? प्रोसिजरमध्ये पहिला हात कोणाचा? लिहिलेल्या रिपोर्टवर बसून चर्चा होते का, की नुसतं सही करून पुढे? रात्रीच्या ड्युटीत फेलो आपल्या शाखेचं काम करतो की सगळ्या विभागाचं? मीटिंगमध्ये केसेस कोण मांडतं?

उत्तरं गोलमोल आली तर दुसऱ्या फेलोला विचारा.

अर्जासाठी एक पूर्ण झालेलं ऑडिट चार अर्धवट शोधनिबंधांपेक्षा चांगलं. विषय लहान घ्या. उदाहरणार्थ, विभागातल्या रेक्टल एमआरआय रिपोर्टमध्ये फॅशियापासूनचं अंतर किती वेळा लिहिलेलं असतं? मोजा, रिपोर्टचा साचा सुधारा, काही महिन्यांनी पुन्हा मोजा. शिफारसपत्र ज्यांनी तुमचे रिपोर्ट रोज वाचलेत त्यांच्याकडूनच घ्या, भले त्यांचं पद मोठं नसो.

पुढे कुठे काम करणार तेही आत्ताच पाहा. मोठ्या संस्थेत एका शाखेवर सगळा दिवस निघतो. छोट्या हॉस्पिटलात ब्रेन ट्यूमरच्या एमआरआयनंतर लगेच पित्ताशयाची सोनोग्राफी येते. अशा ठिकाणी जाणार असाल तर जोडी करा: एमएसकेसोबत सोनोग्राफीखालच्या प्रोसिजर, अॅब्डॉमिनसोबत साधं ड्रेनेज आणि बायोप्सी, चेस्टसोबत कार्डिअॅक सीटी. फेलोशिपच्या काळातही जनरल ड्युट्या पूर्ण सोडू नका. महिन्याला दोन-तीन तरी मागून घ्या, आणि त्या रात्रीच्या केसेसही वहीत लिहा.